अहमद खानाची धर्मशाळा

(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मी इतिहासाचा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतोय. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'हंपी' म्हटलं. पलीकडून प्रश्न आला, "हंपीचा आणि आपला काय संबंध?" म्हटलं, तेच सांगायला येतो.

संबंध सुरू झाला कॉलेजच्या सहलीत. तिसऱ्या वर्षाला होतो. तुमच्यापैकी जे हंपीला गेलेत त्यांना उग्रनरसिंहाची ती प्रचंड मूर्ती आठवत असेल. एकाच दगडातून कोरलेली, 1528 सालची, कृष्णदेवरायाच्या काळातली. हात तुटलेले, मांडीवरची लक्ष्मी गायब. आम्ही सगळे फोटो काढत होतो. गाईड म्हणाला, "मुसलमानांनी फोडली." आणि माझा एक मित्र, चांगला मित्र, माझ्या खांद्यावर हात टाकून हसत म्हणाला, "बघ, तुझ्या माणसांनी काय करून ठेवलंय!" मी म्हटलं, "मी त्या दिवशी रजेवर होतो." सगळे हसले, मीही हसलो. विषय संपला.

संपला नव्हता. परतीच्या बसमध्ये मला झोप लागली नाही. राग मित्राचा नव्हता. माझ्याकडे विनोदाशिवाय द्यायला काही उत्तरच नव्हतं, ते टोचत होतं.

काही वर्षांनी उलटं घडलं. आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज आला. 1565 साली तालिकोटच्या लढाईत आपल्या सुलतानांनी एकी करून काफिरांचं साम्राज्य कसं धुळीला मिळवलं, आणि आज आपण एक झालो तर काय होईल, वगैरे. खाली 'माशाअल्लाह'ची रांग. मला वाटलं, अरे, हा तर माझ्या मित्राचंच म्हणणं मान्य करतोय! फक्त तो ज्याला गुन्हा म्हणत होता त्याला हा पराक्रम म्हणतोय. गोष्ट तीच. मग ती गोष्ट खरी आहे का, हे बघायला मी वाचायला लागलो आणि संधी मिळेल तेव्हा हंपीला जायला लागलो. आतापर्यंत पाच वेळा झालं.

सुरुवात कुठून करू? अहमद खानापासून करतो.

हंपीला गेलात की लोक विरूपाक्ष मंदिर, विठ्ठल मंदिराचा दगडी रथ, लोटस महाल, हत्तीशाळा बघतात आणि परततात. कमलापूरकडून तलारीगट्टू दरवाजाकडे जो रस्ता जातो, त्याच्या बाजूला शेताडीत एक खांबांची सपाट छताची इमारत आहे. कमान नाही, मिनार नाही. लांबून एखादा साधा मंडप वाटतो. आत गेलं की पश्चिमेच्या भिंतीत कोनाडा दिसतो. तो मेहराब आहे. ही मशीद आहे. शेजारी घुमटाची एक कबर आहे आणि आसपास आणखी कबरी आहेत.

तिथे कन्नड शिलालेख आहे, 1439 सालचा. दुसऱ्या देवरायाच्या पदरी असलेल्या अहमद खान नावाच्या सरदाराने ही वास्तू बांधली आणि विहीर खोदली. कशासाठी? देवरायाला पुण्य लाभावं म्हणून. लेखात मशीद हा शब्दच नाही. शब्द आहे 'धर्मसाले'. म्हणजे धर्मशाळा.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून चहा करायला गेलो. एक मुसलमान शिपाईगडी आपल्या हिंदू राजाच्या पुण्यासाठी नमाजाची जागा बांधतो, तिला राजाच्या भाषेत धर्मशाळा म्हणतो, आणि ती राजाच्या राजधानीत, तिथल्याच गवंड्यांच्या पद्धतीने, खांब आणि तुळया लावून उभी राहते. मला यात भाईचाऱ्याचा देखावा करायचा नाही. हा रोजगाराचाही मामला होता. देवरायाला बहमनींशी लढायला चांगले घोडेस्वार आणि तिरंदाज हवे होते, ते मुसलमानांमध्ये मिळत होते, म्हणून त्याने त्यांना जमिनी दिल्या आणि चाकरीत घेतलं. फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो की देवराय सिंहासनासमोर कुराण ठेवायचा, म्हणजे मुसलमान सैनिकांना मुजरा करताना संकोच वाटू नये. खरंखोटं फेरिश्त्याला ठाऊक. तो दीडशेहून अधिक वर्षांनी लिहितोय. पण मशीद मात्र तिथे आहे, तिला हात लावून बघता येतो.

आणि हे एकट्या अहमद खानापुरतं नाही. विजयनगरचे राजे चौदाव्या शतकाच्या मध्यापासून स्वतःला एक बिरुद लावून घेत होते, 'हिंदुराय सुरत्राण'. सुरत्राण म्हणजे सुलतान. हिंदू राजांमधला सुलतान! फिलिप वॅगनर या अभ्यासकाने या बिरुदावर आणि दरबारी पोशाखावर फार सुंदर लिहिलंय. विजयनगरचे राजे आणि सरदार दरबारात लांब अंगरखा घालत, त्याला 'कब्बायि' म्हणत. मूळ शब्द अरबी 'कबा'. डोक्यावर उंच टोपी, 'कुळ्ळायि'. मूळ शब्द फारसी 'कुलाह'. तिरुमलाच्या मंदिरात कृष्णदेवरायाचा धातूचा पुतळा आहे, हात जोडलेला. डोक्यावर ती टोपी आहेच. त्या काळी समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांशी आणि वकिलांशी बरोबरीने बोलायचं तर हा पोशाख लागत असे. आज आमच्या ऑफिसात परदेशी क्लायंट आला की आम्ही ब्लेझर शोधतो, तसंच. 1443 मध्ये इराणकडच्या शाहरुखचा वकील अब्दुर रझ्झाक विजयनगरात आला होता. एकात एक सात तटबंद्या असलेलं ते शहर बघून तो थक्क झाला. अशा पाहुण्यांसमोर तो दरबार बसत होता.

याच कृष्णदेवरायाचं आणखी एक बिरुद होतं, 'यवनराज्यस्थापनाचार्य'. विस्कळीत झालेल्या बहमनी गादीवर त्याने सुलतानाला पुन्हा बसवलं, याचा तो अभिमान मिरवत होता. सहलीत आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता तालिकोटकडे येतो, कारण तुम्ही त्याचीच वाट बघताय.

ज्या माणसाचं मुंडकं त्या लढाईत उडालं, तो रामराय. कृष्णदेवरायाचा जावई, म्हणून 'अळिय' रामराय. गादीवर नावाला राजा दुसरा, कारभार सगळा याच्या हातात. याने तरुणपणी पहिली नोकरी कुठे केली माहितीये? गोवळकोंड्याच्या कुतुबशाहाकडे. तिथून काढून टाकल्यावर तो विजयनगरला आला. पुढे याच घराण्यातला इब्राहिम कुतुबशाह भावाच्या भीतीने पळाला, तेव्हा सात वर्षं रामरायाकडे पाहुणा म्हणून राहिला आणि तिथून जाऊन सुलतान झाला. विजापूरच्या अली आदिलशाहाला रामरायाच्या बायकोने मुलगा मानलं होतं. रामरायाचा मुलगा वारला तेव्हा अली स्वतः सांत्वनाला विजयनगरला गेला होता. म्हणजे लढाईत समोरासमोर जे उभे होते ते एकमेकांच्या घरी जेवलेले लोक होते.

मग भांडण कशाचं? रामराय वीस वर्षं एका सुलतानाला दुसऱ्याविरुद्ध खेळवत होता. आज अहमदनगरच्या बाजूने विजापूरवर, उद्या विजापूरच्या बाजूने अहमदनगरवर. 1558 नंतर त्याने आणि अली आदिलशाहाने मिळून अहमदनगरचा मुलूख उजाड केला. फेरिश्ता लिहितो की विजयनगरच्या सैन्याने तिथे मशिदींची विटंबना केली. आणि ते सैन्य नगरवर आलं होतं ते अली आदिलशाहाच्या बोलावण्यावरून! हा भाग व्हॉट्सअॅपवरच्या मेसेजमध्ये नसतो.

हुसेन निजामशाहाला तह करावा लागला. कल्याणीचा किल्ला द्यायचा आणि रामरायाच्या छावणीत जाऊन त्याच्या हातून विडा घ्यायचा. फेरिश्त्याची गोष्ट अशी की हुसेनने रामरायाचा हात हातात घेतल्यावर लगेच पाणी मागवून हात धुतले. रामराय चिडून कन्नडमध्ये म्हणाला की हा माझा पाहुणा नसता तर याचे हात तोडले असते, आणि त्यानेही पाणी मागवून हात धुतले. दोन हट्टी माणसं, आणि मध्ये एक पाण्याचं भांडं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, जुन्या चालुक्यांची राजधानी. रामरायाला तिचं वेड होतं, कारण त्याला स्वतःला चालुक्यांच्या परंपरेशी जोडून घ्यायचं होतं. रिचर्ड ईटन आणि वॅगनर यांनी 2014 मधल्या त्यांच्या पुस्तकात यावर लिहिलंय.

शेवटी रामराय सगळ्यांनाच जड झाला. निजामशाह आणि आदिलशाह या जन्माच्या वैऱ्यांनी सोयरीक केली. हुसेनची मुलगी अलीला दिली, अलीची बहीण हुसेनच्या मुलाला. ती मुलगी म्हणजे चांदबीबी. आणि तिच्याबरोबर आंदण काय दिलं? सोलापूरचा किल्ला. मी सोलापूरचा. लहानपणी त्या किल्ल्यातल्या बागेत आम्ही घसरगुंडी खेळायचो. त्या किल्ल्यावरून दोन सुलतानशाह्या दोन पिढ्या एकमेकींचे गळे कापत होत्या आणि तोच देऊन टाकला, तेव्हा कुठे तालिकोट घडलं. दादीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "जहेज में किल्ला? और हम फ्रिज पे लड़ते!"

23 जानेवारी 1565. कृष्णेच्या दक्षिणेला लढाई झाली. निजामशाहाच्या तोफखान्याने मोठं काम केलं. इटालियन व्यापारी चेझारे फेदेरिची दोन वर्षांनी विजयनगरात सात महिने राहिला. तो सांगतो की रामरायाच्या सैन्यातले दोन मुसलमान सेनापती ऐन वेळी उलटले. हे वाक्य घेऊन 'बघा, यांच्यावर विश्वास ठेवू नका' म्हणणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं, आधीचा अर्धा भागही वाचा. रामरायाने हजारो मुसलमान सैनिक स्वतःच्या सैन्यात ठेवले होते आणि मोठ्या फौजा त्यांच्या हाती दिल्या होत्या. धर्मयुद्ध लढणारा माणूस असं करत नाही.

त्या लढाईची एक वस्तू पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाचं चित्रमय हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या कवीने निजामशाहाच्या दरबारासाठी लिहिलेलं. लढाईनंतर थोड्याच दिवसांत हुसेन वारला, म्हणजे हे जवळजवळ ताज्या बातमीसारखं आहे. त्यात रामरायाच्या शिरच्छेदाचं चित्र आहे. पण मला जास्त खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. चित्रांत हुसेनशेजारी त्याची बेगम खुंझा हुमायून होती, चांदबीबीची आई. नंतर कुणीतरी तिच्यावर रंग फासून तिला पुसून टाकलंय. हुसेननंतर तिने कारभार केला आणि पुढे तिच्याच मुलाने तिला कैद केलं. म्हणजे विजेत्यांच्या घरातही पुसापुशी चालूच होती. इथे बसलेल्या मुलींपैकी कुणी तिच्यावर काम करेल का? खरंच विचारतोय.

आता अवघड भाग. हे आपण टाळतो, म्हणून मी मुद्दाम सांगणार आहे.

शहर लुटलं गेलं का? हो. जाळलं गेलं का? हो. राजवाड्यांच्या भागात उत्खननात जळाल्याच्या खुणा सापडल्या आहेत. विठ्ठल मंदिरात आगीने तडकलेला ग्रॅनाइट आजही दिसतो. देवळांची आणि मूर्तींची मोडतोड झाली. फेदेरिची म्हणतो की सुलतान सहा महिने तिथे राहून घरांखाली पुरलेलं धन शोधत होते. पोर्तुगीज लेखक कोतो म्हणतो की सुलतानांचं सैन्य पोहोचायच्या आधीच आसपासच्या टोळ्यांनी शहर लुटायला सुरुवात केली होती. ते असेल, पण त्याच्या आड लपायचं कारण नाही. एका जिवंत शहराचा विध्वंस झाला आणि तो करणाऱ्यांमध्ये कलमा पढणारे सुलतान पुढे होते. हे सरळ मान्य करायला मला काही जड जात नाही, कारण मी त्यांचा वकील नाही.

पण एवढ्याने शहर मरतं का? आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की नंतर बसून कारणं शोधतात. तिथला एक नियम आहे. 'अमक्याने चुकीचं बटण दाबलं' इथे थांबायचं नाही, कारण मग तपास तिथेच संपतो. दिल्ली कितीदा लुटली गेली, ती पुन्हा उभी राहिली. विजयनगर का नाही?

रामरायाचा भाऊ तिरुमल खजिना आणि नावाचा राजा घेऊन पेनुकोंड्याला निघून गेला. पुढे त्याने विजयनगर पुन्हा वसवायचा प्रयत्न केला. फेदेरिची सांगतो, त्याने गोव्याकडच्या घोड्यांच्या व्यापाऱ्यांना निरोप पाठवला की लढाईत गेलेले आमचे घोडे आणा, चांगली किंमत देतो. त्यांनी आणले. घोडे ताब्यात घेतले आणि पैसे न देताच त्यांना वाटेला लावलं. आता सांगा, अशा गावात दुकान कोण उघडेल? फेदेरिचीने बघितलं तेव्हा घरं उभी होती, पण रिकामी होती, आणि त्यांत वाघ फिरत होते. 1567 मध्ये दरबार पेनुकोंड्यालाच गेला, पुढे चंद्रगिरी, वेल्लोर. राज्य आणखी शंभरेक वर्षं रडतखडत चाललं. शहर मात्र दरबारावर जगत होतं, दरबार गेला आणि ते वाळत गेलं.

आणि सगळंच वाळलं नाही, ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. कार्ला सिनोपोली आणि कॅथलीन मॉरिसन या दोन बाई 1980च्या दशकाच्या अखेरीपासून दहा वर्षं त्या परिसरातली रानं पायी तुडवत होत्या. तलाव, बांध, खेडी, कामगारांच्या वस्त्या अशी शेकडो ठिकाणं त्यांनी नोंदवली. राजवाडे ओस पडले तरी नदीकाठची शेती चालूच राहिली होती. तुंगभद्रेवरून काढलेले विजयनगरचे कालवे आजही वाहतात. त्यांच्यावर भात आहे, केळी आहेत. विरूपाक्षाची पूजा चालू आहे. पडलं ते राजांचं शहर, शेतकऱ्यांचं नव्हे.

मग 'एका लढाईत हिंदू राज्य मुसलमानांनी संपवलं' ही गोष्ट एवढी पक्की कशी झाली? त्यात इंग्रज अधिकारी रॉबर्ट स्यूएलचा हात मोठा आहे. त्याचं 'विस्मृत साम्राज्य' या अर्थाच्या नावाचं इंग्रजी पुस्तक 1900 साली आलं. पाएश आणि नुनिश या पोर्तुगिजांची वर्णनं त्याने इंग्रजीत आणली, त्याबद्दल त्याचे उपकारच आहेत. पण दक्षिणेत मुसलमानांच्या लाटेला अडवणारी भिंत म्हणजे विजयनगर, ही मांडणीही त्याचीच. पुढे आपले आणि परके, सगळ्यांनी ती उचलली.

मराठी माणसाचा हंपीशी आणखी एक धागा आहे. वारकऱ्यांत आख्यायिका आहे की कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठोबा विजयनगरला नेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला. हंपीच्या विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे. माझा तो सहलीतला मित्र माळकरी घरातला. मागच्या वर्षी त्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. नरसिंहाच्या मूर्तीचंही बोललो. त्याला ते वाक्य आठवतच नव्हतं. मला सतरा वर्षं आठवत होतं आणि त्याला आठवत नव्हतं! थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, "त्या मशिदीत मला नेशील का?" आम्ही गेलो. मी आत दोन रकात नफिल पढलो असतो, पण पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत उगीच वाद नको म्हणून नुसताच बसलो. तो मेहराबाजवळ उभा राहून खांब मोजत होता.

तर, हिवाळ्यात आम्ही काही जण पुन्हा जातोय. सोलापूरहून विजापूर, बागलकोट, गदग करत रेल्वेने होसपेटला उतरता येतं. विजापूरला एक दिवस थांबू. कदिरमपुऱ्यात घुमटाच्या आणखी दोन जुन्या कबरी आहेत, त्याही बघायच्या आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी बाहेर वहीत नाव आणि फोन लिहा, मुलींनीही. टोपी आणि पाण्याच्या दोन बाटल्या आणा, कारण तिथल्या दगडांवर दुपारी पाय ठेववत नाही. आणि रिक्षावाल्याला अहमद खानाची मशीद आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो न थांबता पुढे जातो.